पाटी वाचून होईपर्यंत

हे मी त्या माणसांसाठी लिहितो आहे, जी रस्त्यात चालता चालता थांबतात आणि दुसऱ्याच कशासाठी तरी थांबलो असं दाखवतात. कुणी चपलेचा अंगठा बघतं, कुणी खिशातली किल्ली चाचपतं, कुणी मोबाइल उगाच कानाला लावतं. मी पाट्या वाचायचो. तुम्ही काय करता ते तुमचं तुम्हाला ठाऊक. पण हे वाचून झाल्यावर घरातल्या एका माणसाला ते सांगा, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

माझ्या आजाराला स्टेबल अँजायना म्हणतात. हृदयाला रक्त पुरवणारी नळी आतून अरुंद झालेली असते. श्रम झाले की रक्त कमी पडतं आणि छाती आवळते, थांबलं की सुटते. याहून जास्त शास्त्र मला येत नाही, आणि ते डॉक्टरांकडून ऐकलेलंच बरं. मला सांगायचं आहे ते घरातलं.

गावातला शनिवार

आम्ही वारज्याला राहतो. फ्लॅट घेतला तेव्हा खिडकीतून ऊस दिसायचा, आता समोरच्या इमारतीतला टीव्ही दिसतो. आमच्याकडची माणसं पेठांमध्ये जायचं असलं की अजूनही "गावात जाऊन येतो" म्हणतात. शनिवारी संध्याकाळी मी आणि माझी बायको शैलजा स्कूटरवरून गावात जायचो. मंडईतून आठवड्याची भाजी घ्यायची, सदाशिव पेठेतून एक चक्कर मारायची, कुठेतरी कॉफी प्यायची आणि घरी. शैलजाचं लहानपण त्याच पेठेत गेलेलं. सम-विषम तारखांच्या पार्किंगमुळे गाडी नेहमी नको तिथे लावावी लागायची, त्यामुळे चालणं भरपूर.

चालताना मी कायम तिच्या चार पावलं पुढे असायचो. लग्न झाल्यापासून. "अहो, मी मागे आहे," असं ती अधूनमधून म्हणायची आणि मी न वळता "ये ना" म्हणायचो. यात आपलं काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही. पिंपरीच्या कारखान्यात मी ड्रॉइंग बोर्डवर उभा राहून आराखडे काढायचो. पुढे कॉम्प्युटर आले, मग बोर्ड गेले, आणि मग आमचं खातंच गेलं. परदेशी मोटार कंपन्यांसाठी काम करणाऱ्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मला जागा मिळाली. तिथली मुलं माझ्या मुलीच्या वयाची, आणि मला नुसतं "दिलीप" म्हणायची. सकाळी कंपनीची बस, रात्री उशिरापर्यंत तिकडच्या लोकांचे फोन. घरी उरायचा तो शनिवार. तोही मी चार पावलं पुढे राहूनच घालवला.

पहिल्यांदा दुखलं ते हिवाळ्यात. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या. बनियनच्या आतून कुणीतरी पट्टा ओढून बांधावा तशी छाती आवळली आणि डावा जबडा ठणकायला लागला. मी थांबलो. समोर एक फाटक होतं आणि फाटकावर पाटी.

"काय झालं?" मागून येऊन शैलजाने विचारलं.

"काही नाही. ही पाटी बघ."

तिने मोठ्याने वाचली. "या फाटकासमोर गाडी लावणाऱ्याने आत येऊन कारण सांगावे. कारण ऐकून घेतले जाईल. गाडी ठेवू दिली जाणार नाही." आणि ती हसली. तोंडावर हात न घेता, रस्त्यात, खळखळून. ते हसू मी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. तिचं हसून होईपर्यंत छाती मोकळी झाली होती.

असं ते सुरू झालं. जबड्यासाठी मी दाढ दाखवली, दाढ उत्तम निघाली. छातीसाठी केमिस्टकडून ॲसिडिटीच्या गोळ्या घेऊ लागलो. खांदा धरलाय असं सांगून जड पिशवी शैलजाकडे दिली. आणि चालताना छाती आवळली की जवळची पाटी शोधायची. सदाशिव पेठेत पाट्यांची वाण नाही. "येथे पत्ता विचारू नये. सांगितला तरी तुम्ही पुढे जाऊन दुसऱ्याला विचारताच." "बेल एकदाच वाजवावी. आम्ही बहिरे नाही, दार उघडायचे की नाही ते ठरवत आहोत."

मी हळू चालू लागलो होतो, त्यामुळे आपोआप तिच्या शेजारी आलो होतो. एका रविवारी आंघोळीला जाताना तिचं नाशिकच्या बहिणीशी चाललेलं फोनवरचं बोलणं कानावर पडलं. "अगं, हल्ली हे माझ्याबरोबर चालतात. खरंच! थांबतात, पाट्या वाचतात. म्हातारपणी का होईना, सुधारले."

मी बाथरूमचं दार लावून घेतलं आणि नळ सोडून उभा राहिलो. आता सांगायचं तरी कसं?

का नाही सांगितलं

मला दोन भीती होत्या. एक ऑफिसची. जेवण झालं की ती मुलं जिन्याने वर जायची आणि मी लिफ्टची वाट बघायचो. "दिलीप, कम ऑन यार!" असं ओरडत ती पुढे जायची. कारखान्यात आमचं खातं बंद झालेलं मी पाहिलं होतं. इथे माझ्या छातीचं कळलं तर मी पुन्हा जुना ड्रॉइंग बोर्ड होईन, असं वाटायचं.

दुसरी भीती वडिलांची. ते माझ्याच वयाचे असताना कामावरून आले, चपला काढायला वाकले आणि गेले. डॉक्टरांनी एकदा नाव ठेवलं की आजार घरात राहायला येईल, तोवर तो बाहेरच्या रस्त्यावरच आहे, अशी काहीतरी माझी समजूत होती. इंजिनिअर माणसाची.

पण खरं सांगायचं तर ही दोन्ही कारणं नंतर नंतर मागे पडली. उरलं ते एकच, तो फोन. शैलजा आता शनिवारची वाट बघायची. दुपारी काही कामाने गावात गेली की नव्या पाट्या हेरून यायची आणि मला सांगायची नाही. "आज त्या पलीकडच्या गल्लीतून जाऊ," असं म्हणून डोळ्यांत हसायची. ती गल्ली लांबची असायची. मी जायचो.

ॲसिडिटीला कसं कळतं

धुवायला टाकलेल्या पँटच्या खिशांत तिला गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडली. एकाच आठवड्यात इतकी, की तिने मला हाताला धरून आमच्या जुन्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर परचुरे गेली कित्येक वर्षं पेठेतल्या एकाच खोलीत, एकाच खुर्चीवर बसतात. हसत नाहीत.

"यांना फार ॲसिडिटी होते हो," शैलजा म्हणाली.

"त्यांना बोलता येतं ना?" डॉक्टर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "कुठे होतं? बोट ठेवा."

मी छातीवर मूठ ठेवली.

"बोट ठेवा म्हटलं, मूठ ठेवलीत. बरं. केव्हा होतं?"

"चालताना. थंडीत जास्त. हातात ओझं असलं, जेवण झालेलं असलं की..."

"आणि जातं कशाने?"

"थांबलं की जातं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मग तुम्ही थांबलात हे ॲसिडिटीला कसं कळतं हो?"

मी खिशातलं गोळ्यांचं पाकीट आणखी आत सारलं.

"किती वेळात जातं?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "एक पाटी वाचून होईपर्यंत."

"काय?"

शैलजा पर्समध्ये माझी औषधांची जुनी चिठ्ठी शोधत होती. तिचा हात तसाच थांबला. डॉक्टर तिच्याकडे बघत होते, ती माझ्याकडे. मला सगळं सांगावं लागलं. मी डॉक्टरांना सांगत होतो, पण ऐकत होती ती.

डॉक्टरांनी तिथेच ईसीजी काढला, हृदयरोगतज्ज्ञांना फोन लावला आणि मला ऐकू जाईल असं सांगितलं, "अँजायना वाटतोय. पेशंट सुशिक्षित आहे, त्यामुळे उशीर झालाय."

बाहेर आल्यावर मी स्कूटरकडे वळलो. "किक मारायची नाही," शैलजा म्हणाली आणि तिने रिक्षा थांबवली. कर्वे रस्ता संपेपर्यंत ती बाहेर बघत होती. मी म्हटलं, "अगं, तुला काळजी नको म्हणून..."

"मी तुम्हाला लांबच्या गल्ल्यांतून नेत होते," ती बाहेरच बघत म्हणाली. "मुद्दाम. तुम्हाला आवडतं म्हणून. दुपारी जाऊन शोधून ठेवत होते. आणि तुमच्या छातीत दुखत होतं."

मला वाटलं होतं, आजार लपवला म्हणून ती रागावेल. तसं नव्हतं. मी तिच्याच हाताने स्वतःला दुखवून घेतलं होतं, आणि तिला कळूसुद्धा दिलं नव्हतं.

मशीन आधी बोललं

पट्ट्यावर चालायची तपासणी होते. अंगाला वायरी लावतात, पट्टा फिरायला लागतो, वेग वाढतो, चढ वाढतो. तिथली मुलगी प्रेमळ होती. "काका, दुखायला लागलं की लगेच सांगा हं."

दुखायला लागलं. समोरच्या भिंतीवर पाटी होती, "कृपया मोबाइल बंद ठेवावा." माझे डोळे आपोआप तिच्यावर गेले. मी ती वाचली, परत वाचली. पट्टा एकदम मंद झाला.

"काका! सांगा म्हटलं होतं ना?" ती मुलगी कागदाची पट्टी हातात धरून म्हणाली. "तुमच्याआधी मशीनने सांगितलं."

शैलजा दारात उभी होती. तिने ते ऐकलं.

अँजिओग्राफीसाठी एक दिवस आधी दाखल व्हावं लागलं. त्याच दिवशी वॉर्डातले एक मामा वस्तरा घेऊन आले आणि मांडीपाशी माझी लाज काढून गेले, त्याबद्दल कुणी आधी सांगत नाही म्हणून सांगतो. त्याचं काही वाटून घेऊ नका. त्यांच्या लेखी आपण वीस जणांपैकी एक असतो.

शेजारच्या खाटेवर बबनराव होते, विश्रांतवाडीच्या पुढच्या एका गावचे. गाव आता शहरात आलं होतं, शेताचे प्लॉट झाले होते. हातात जाड अंगठी, उशाशी दोन मोबाइल.

"इंजिनेर साहेब, तुमचं काय हाय?"

"तपासायचंय अजून."

"माझी एक लाईन जाम हाय म्हनत्यात. येवढी नळ-कनेक्शनं केली गावात, सवताचंच ऱ्हायलं," असं म्हणून ते गडगडाटी हसले. पण स्ट्रेचर आलं तेव्हा त्यांचं हसू कुठल्या कुठे गेलं. दोन्ही मोबाइल बायकोच्या ओटीत टाकून त्यांनी तिचं मनगट धरलं. "मला भ्या वाटतंय गं. दारापत्तूर चल की माझ्यासंगं."

"आले की. कुटं चालले मी?" ती म्हणाली आणि स्ट्रेचरच्या कडेने पदर सावरत धावत गेली.

मग माझा नंबर आला. माझे पाय गार पडले होते. मी शैलजाला म्हणालो, "काही नाही गं, नुसती तपासणी आहे. तू खाली जाऊन चहा घे."

तिने माझ्याकडे बघितलं. "बघा. परत तेच," ती म्हणाली. तरीही दारापर्यंत आली.

एक प्रश्न

तपासणी झाल्यावर मांडीवर वाळूची पिशवी ठेवून पाय सरळ ठेवायला सांगतात. हलायचं नाही. डॉक्टर येऊन सांगून गेले. मुख्य नळ्या चांगल्या आहेत, एक फांदी अरुंद झाली आहे. तूर्त स्टेंट नको, ऑपरेशन नको. औषधं, बेताचं खाणं, रोज चालणं. दुखलं तर बसून जिभेखाली गोळी. दुखणं वाढलं, बसल्या जागी झालं किंवा गोळीने थांबलं नाही, तर वाट न बघता हॉस्पिटल.

आमची मुलगी ऋचा ऑफिसमधून धावत आली होती. तिला हे पटेना. "म्हणजे बाबा, प्रॉब्लेम फिक्स नाही करणार? नुसतं मॉनिटर?"

"चालू सिस्टीमला उगाच हात लावत नाहीत म्हणे," मी म्हटलं. ती हसली, मग रडली, मग कँटीनमध्ये गेली.

शैलजा स्टुलावर बसून मोसंबं सोलत होती. वरची पांढरी सालही ती काढते, माझ्यासाठी. लग्नापासून.

"एकच विचारते," ती म्हणाली. "त्यातली एक तरी पाटी तुम्ही नुसती वाचायला म्हणून थांबला होतात?"

मला हलता येत नव्हतं. तोंड फिरवून बाहेर बघायची सोय नव्हती. होकार देणं किती सोपं होतं!

"पहिल्या सगळ्या दुखत होतं म्हणून," मी म्हटलं. "नंतरच्याही बहुतेक. ती बेलची, 'दार उघडायचे की नाही ते ठरवत आहोत', ती नाही. त्या दिवशी काही होत नव्हतं. तू वाचशील आणि हसशील म्हणून थांबलो."

"एकच?"

"एकच."

तिने मोसंब्याची फोड माझ्या तोंडात घातली. विश्वास बसला की नाही ते सांगितलं नाही.

नंतरचे दिवस

ऑफिसात मी आठवडाभर मनात वाक्यं जुळवली आणि माझ्या टीम लीडला सांगितलं. तो मुलगा म्हणाला, "ओके दिलीप, टेक केअर हं. माझ्या पप्पांना पण दोन स्टेंट आहेत. मस्त आहेत ते." आणि परत स्क्रीनकडे वळला. ज्या गोष्टीसाठी मी इतके महिने जीव मुठीत धरला, ती एवढ्यात संपली. दुपारी तीच मुलं माझ्याबरोबर लिफ्टसाठी थांबू लागली.

घरचं मात्र तसं सुटलं नाही. औषधांनी दुखणं जवळजवळ गेलं, पण शैलजाची खात्री गेली. सोसायटीच्या आवारात आम्ही रोज फेऱ्या मारायचो. मी जरा थबकलो की ती विचारायची, "दुखतंय?"

"नाही गं."

"खरं?"

"खरं."

"मग थांबलात का?"

कधी मांजर आडवं आलेलं असायचं, कधी वॉचमन काहीतरी विचारत असायचा. पण माझं "नाही" आता चालत नव्हतं. थोड्या दिवसांनी तिने विचारणं सोडलं आणि ती पुढे चालायला लागली. चार पावलं. मंडईत ती एकटी बसने जाऊन यायची. आवारात तिच्या पाठीकडे बघत चालताना मला कळलं, इतकी वर्षं तिला काय दिसत होतं ते.

हे तुम्हाला सांगण्याचं कारण असं, की औषधं नळीवर काम करतात. बाकीचं आपलं आपल्याला करावं लागतं आणि त्याला जास्त वेळ लागतो.

एका शनिवारी मी म्हटलं, "गावात जाऊ या?"

"कशाला?"

"पाट्या वाचायला."

"आता दुखत नाही, तर कशाला वाचता?"

"वाचायच्या राहिल्यात सगळ्या. तेव्हा मी कुठे वाचत होतो? तूच वाचत होतीस."

ती बराच वेळ कणीक मळत राहिली. मग म्हणाली, "स्वेटर घाला."

पायरी

थंडी होती. आम्ही थोडं खाल्लं होतं, आणि मी हट्टाने एक पिशवी हातात घेतली होती. वळणावर वारा समोरून आला आणि ते परत आलं. तोच पट्टा, तोच जबडा.

मी थांबलो. शैलजा शेजारीच होती. समोर एक जुनं घर, दोन दगडी पायऱ्या, वर पाटी. "ही बघ" हे शब्द जिभेवर तयार होते. सवय फार वाईट असते.

"शैलजा," मी म्हटलं, "छातीत आवळतंय."

ती दचकली नाही. तिने माझ्या हातातली पिशवी घेऊन खाली ठेवली, पर्समधून छोटी बाटली काढली, गोळी माझ्या हातावर दिली आणि म्हणाली, "बसा."

"इथे?" मी पाटीकडे बोट केलं. पाटीवर लिहिलं होतं, "पायरीवर बसू नये. बसण्याइतकी ओळख असल्यास आत यावे. नसल्यास पुढे जावे."

"अहो, बसा!"

मी बसलो आणि गोळी जिभेखाली ठेवली. मागचं दार उघडलं. कपाळावर चष्मा चढवलेले, इस्त्रीचा पायजमा घातलेले एक गृहस्थ उभे होते.

"वाचता येतं ना?"

"येतं," शैलजा म्हणाली. "ह्यांच्या छातीत दुखतंय. गोळी दिली आहे. थांबलं की उठतो. नाही थांबलं तर रिक्षा बोलवावी लागेल."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेऊन मला नीट बघितलं. "पायरीवर बसू नये असं स्वच्छ लिहिलंय," ते म्हणाले आणि आत गेले.

लगेच परत आले ते एक घडीची खुर्ची आणि पाण्याचा तांब्या घेऊन. खुर्ची पायरीशेजारी उघडली, हाताने झटकली. "खुर्चीबद्दल काही लिहिलेलं नाही. बसा. रिक्षा लागली तर मी आणतो, तुमच्यासाठी कुणी थांबणार नाही."

मी खुर्चीवर बसलो. शैलजाने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. रस्त्यावरून माणसं जात होती, काही वळून बघत होती, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. हळूहळू पट्टा सैल झाला. जबडा सुटला.

"गेलं?" शैलजाने विचारलं.

"गेलं."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी पुढच्या शब्दाची वाट बघत होतो. "खरं?" असं ती विचारणार होती. तिने विचारलं नाही. खांद्यावरचा हात काढून ती पाटीसमोर जाऊन उभी राहिली आणि मोठ्याने वाचू लागली, "पायरीवर बसू नये. बसण्याइतकी ओळख असल्यास..." आणि तिला हसू फुटलं. तोंडावर हात न घेता.

"यात हसण्यासारखं काय आहे?" ते गृहस्थ म्हणाले.

"काही नाही," शैलजा म्हणाली. "छान आहे. परत एकदा वाचते."

तिने परत पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. वाचून होईपर्यंत मी बसून राहिलो. दुखणं केव्हाच थांबलं होतं.